ऊन लागलेली नोंद

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अपेक्षानं मला कासव दिलं. म्हणजे घरात आणून नाही, कागदावर. माझी लेक तिकडं गुहागरकडं एका संस्थेत समुद्री कासवांवर काम करते. अंडी घालायला किनाऱ्यावर आलेल्या पाच माद्यांच्या पाठीवर त्यांनी यंत्रं चिकटवली आणि परत पाण्यात सोडल्या. यंत्र उपग्रहाला दोनच गोष्टी कळवतं, कासव कुठं आहे आणि तापमान किती. किती खोल गेलं ते त्याला कळत नाही, स्वस्तातलं आहे. त्यातल्या एकीच्या नोंदी रोज सकाळी माझ्याकडं येणार. मी त्या वहीत उतरवायच्या, तपासायच्या, स्वच्छ तक्ता करायचा आणि पाठवायचा.

"आबा, असं काम करणारं माणूस आम्हाला मिळत नाय," म्हणाली.

मिळणारच नाही. चौतीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होतो. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळची नोंद घेऊन मग फुलंब्रीला मांडवात पोचलो. आशाबाईनं ते मला शेवटपर्यंत ऐकवलं. तिला जाऊन तेरा महिने झाले.

कासवाचं नाव मी ठेवायचं म्हणाली. सारजाबाई ठेवलं. माझी आत्या होती ह्या नावाची. जरा कुणी काही बोललं की पिशवी उचलून चालायला लागायची, मग दोन-दोन महिने पत्ता नसायचा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहिल्या नोंदी आल्या. चोवीस. वरच्या पाण्यात २७, मधेच २५, एकदा २३.९. खाली बुडी मारली की गार होते, वर आली की परत कोमट. वहीचं पान भरल्यावर बरं वाटलं. साडेनऊलाच काम संपलं. पुढं दिवस तसाच पडला होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुपारी एकची नोंद ३२.८. तिच्या आधीची २७, नंतरची २७. समुद्र म्हणजे काय तवा आहे का, तासाभरात सहा अंश तापायला? आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, थर्मामीटरला ऊन लागू द्यायचं नाही. म्हणून तर तो पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवतात, पेटीचं दार उत्तरेला. ऊन लागलेला थर्मामीटर हवेचं सांगत नाही, स्वतःचंच सांगत बसतो. अशी नोंद आली की मी आडवी रेघ मारायचो आणि शेजारी 'ऊन लागलं' लिहायचो. आजही मारली.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन. "आबा, ती एकची नोंद का खोडली? ती पाण्यावर तरंगून ऊन खात होती. यंत्र तिच्या पाठीवरच आहे ना. आपल्याला समुद्राचं नाय, तिचं तापमान पायजे. शंका आली तर बाजूला खूण करा. खोडू नका."

बरं म्हणालो. पण लई राग आला. चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही नोंद कशी घ्यायची ते शिकवणार. नंतर फोनमधे बघितलं, बोलणं अकरा मिनिटं चाललं होतं. एरवी दोन मिनिटांत उरकतं. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज सुट्टी म्हणून अपेक्षाला विचारलं, कासवाचं हे गार-गरम नेमकं कसं चालतं. पोरगी खुलली. म्हणाली, आपल्या अंगात चूल आहे, खाल्लेलं जळतं आणि आपण बाहेर कितीही थंडी असो, आतून तेवढेच राहतो. कासवाच्या अंगात चूल नाही. पाणी जेवढं, तेवढी ती. म्हणून सगळा कारभार जागा बदलून करायचा. गार वाटलं तर वर येऊन पाठ उन्हाला द्यायची, तापलं तर खाली बुडी. समुद्रसापांचंही तसंच. लांब कुठल्या बेटांवर एक काळीकुट्ट घोरपड आहे, ती समुद्रात शिरून शेवाळ खाते आणि काकडली की खडकावर येऊन तासन्‌तास पडून राहते.

"मग थंड समुद्रात कासवं जातच नाय का?"

"एक जातं. लेदरबॅक. आपल्या बाजेएवढं मोठं. एवढं धूड लवकर गार होत नाय. आणि त्याच्या वल्ह्यांत, म्हणजे पुढच्या पायांत, बाहेर जाणारं गरम रक्त आणि परत येणारं गार रक्त एकमेकांना खेटून वाहतं. जाणारं येणाऱ्याला ऊब देऊन टाकतं. ऊब बाहेर सांडतच नाय."

हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. केवढी सोय आहे. सारजाला मात्र असलं काही नाही. तिची जात लहान, ऑलिव्ह रिडले. तिला ऊन आणि पाणी, दोनच.

रविवार, २ मार्च

समोरच्या जहांगीरभाईंचे रोजे सुरू झाले. टीव्ही सेंटर चौकात त्यांचं कूलरचं दुकान आहे, वीस वर्षांचा शेजार. म्हणाले, "गाडेकर साब, शाम को इफ्तार हमारे यहाँ. अकेले बैठ के क्या करते?" काम आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या घरात सुना-नातवंडं, दहा माणसं. एवढ्या गडबडीत आपण काय करायचं. सगीराभाभींनी मग भजी आणि खजूर पाठवून दिले.

अपेक्षाच्या ऑफिसातल्या मोनिकाचा फोन आला होता, कुठलासा फॉर्म भरायला. बोलता बोलता म्हणाली, "काका, बाकी चार कासवांचं सगळं कॉम्प्युटर करतो. सारजाचं तेवढं मॅडमनी काढून तुमच्याकडं दिलंय." म्हणजे बघा. चार साधी कासवं यंत्राला दिली आणि अवघड तेवढं माझ्याकडं. पोरीला माणसाची किंमत कळते.

शंकेच्या नोंदींवर खूण करून बघितली, पण तक्ता काट्याकुट्यांचा दिसतो. आता ऊन लागलेल्या नोंदी वहीतच रेघ मारून ठेवतो, तक्त्यात घेत नाही. अपेक्षानं विचारलं पण नाही. चालतंय म्हणायचं.

शुक्रवार, ७ मार्च

दिवसभरात एक माणूस बोललं नाही. दूधवाला धरला तर एक.

गुरुवार, २० मार्च

फोन अपेक्षाचाच, पण आवाज वेगळा. "आबा, आईचा ताप तुम्ही लिहून ठेवायचात. ते कागद आहेत का?"

म्हटलं, कशाला?

"मला बघायचेत. तुम्ही रोज मला आकडे सांगायचात आणि मी इथं बसून ऐकायचे. मला सारखं वाटतं, त्या आकड्यांत काहीतरी होतं आणि मला दिसलं नाय. मी तेव्हाच निघायला पायजे होतं. शिकून काय उपयोग झाला माझा?"

मी म्हणालो, तुझी काही चूक नाही, सगळं नॉर्मल होतं, कागद कुठं तरी असतील, बघतो. तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

कागद कपाटात वरच्या खणात आहेत. कुठं तरी नाहीत. मला माहीत आहे.

इथं लिहितो, इथं कोण वाचतंय. आशा दवाखान्यातून घरी आल्यावर सहा दिवस मी दिवसातून चारदा ताप घेतला. पाचव्या दिवशी सकाळी पावणेसहाला थर्मामीटरनं ९४.१ दाखवलं. असं असतंय का कुठं? तापाच्या माणसाचं अंग चौऱ्याण्णव? मी धरून चाललो, थर्मामीटर रात्रभर खिडकीत होता, थंडीनं गारठलाय. पुसला, हातात धरून गरम केला. तिला उठवून चहा पाजला आणि परत लावला. ९७.४ आलं. ते लिहिलं. आधीचं लिहिलंच नाही. आठ वाजता अपेक्षाला ९७.४ कळवलं. ती म्हणाली, "ताप उतरला मग, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आशा गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वय झालं की जंतू अंगात पसरल्यावर सगळ्यांना ताप चढतोच असं नाही, काहींचं अंग उलटं गार पडतं. अपेक्षा तोवर पोचली नव्हती. हे ऐकायला मी एकटाच होतो.

पण थर्मामीटर खिडकीत होता, हेही खरं आहे. पौषातली थंडी होती.

सोमवार, ३१ मार्च

काल पाडवा होता. गुढी उभारली नाही, एकट्यासाठी काय उभारायची. आज ईद. जहांगीरभाई स्वतः शीरखुर्मा घेऊन आले आणि बसलेच. त्यांना सारजाबाईचा नकाशा दाखवला. "ये तो आपसे ज्यादा घूमती, साब," म्हणाले. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते आठवेना.

कागद शोधतोय असं अपेक्षाला दोनदा सांगून झालं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते जास्त लागलं.

शनिवार, ५ एप्रिल

गावात चाळीसच्या वर गेलं. सारजाची दुपारची नोंद ३५.१. रेघ मारली. तिकडं ऊन कडक असणार.

रविवार, ६ एप्रिल

दुपारी ३६.४. रेघ. यंत्राचा गोंद सुटून ते पाठीवरून अर्धवट उचकटलं असावं. बाई हळूहळू दक्षिणेला सरकतेय, दिवसाला फार तर पाच-सात किलोमीटर. आरामात चाललंय तिचं.

सोमवार, ७ एप्रिल

पुन्हा ३६. रेघ. दुपारच्या वगळल्या तर बाकी सगळ्या नोंदी २९ च्या आसपास. एकही खाली गेली नाही. असा सरळ तक्ता फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच झाला. अपेक्षा सध्या किनाऱ्यावर, घरट्यांतनं पिल्लं बाहेर पडतायत. फोनला तिला वेळ नाही. तक्ता पाठवला, तिचा अंगठा आला.

मंगळवार, ८ एप्रिल

३६.९. रेघ. तक्ता सरळ.

बुधवार, ९ एप्रिल

जहांगीरभाई सकाळी कूलरची खस बदलायला आले. दरवर्षी येतात, मी बोलावलं नाही तरी. काम करता करता विचारलं, सारजाबाईचं काय चाललंय. मी कौतुकानं सांगितलं, यंत्र बिघडलंय, दुपारी सदतीस दाखवतंय, पण बाकी तक्ता कसा सरळ आहे बघा.

ते पाण्यात हात धूत म्हणाले, "साब, गर्मी में कुत्ता भी छाँव ढूँढ के सोता. इसके नीचे तो पूरा ठंडा समंदर पड़ा है. फिर ये ऊपर धूप में काहे को पड़ी है? नीचे क्यों नै जाती?"

मी म्हणालो, जात असेल. मग ते गेले आणि मी वही उघडली.

ती खाली जात नाही. पाच दिवस झाले, पंचविसाची एक नोंद नाही. चोवीसची नाही. जी फेब्रुवारीपासून दिवसाला दहा-दहा वेळा खाली जायची ती पाच दिवस वरच पडून आहे, आणि दुपारी तिची पाठ सदतीसवर जाते. यंत्र खराब नाही. यंत्र दुपारी काय झालं ते सांगत होतं आणि मी दर दुपारी त्याच्यावर रेघ मारत होतो. तिला खाली जायचं नाही असं नाही, तिला जाता येत नाही. जखमी असेल, नाहीतर कशात अडकली असेल. आणि ती सरकतेय ते पोहत नाही, वाहत चाललीय.

संध्याकाळचे सहा वाजलेत. अपेक्षाला अजून सांगितलं नाही. फोन हातात घेतला आणि ठेवला. खरं लिहितो, मनात काय आलं ते. त्या नोंदी खोडल्यात हे कुणालाच माहीत नाही. उद्या सकाळी नुसतं म्हणायचं, आजच सदतीस आलंय, बघ जरा. तेवढ्यानं भागेल. पाच दिवसांचं कुणी विचारणार नाही.

असं मनात येणारा माणूस मी आहे. सहासष्टाव्या वर्षी हे कळतंय.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी साडेसहाला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला, किनाऱ्यावरच होती. मी सांगितलं. पाचही दिवसांचं सांगितलं. आकडे वाचून दाखवले.

मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "शेवटची जागा सांगा." सांगितली. लिहून घेतली. मग म्हणाली, "आबा, मी तुम्हाला सांगितलं होतं, खोडू नका."

"व्हय."

"एवढंच सांगितलं होतं."

फोन बंद झाला. रात्री सांगितलं असतं तर पहाटे होड्या निघाल्या असत्या, हे मी तिला बोललो नाही. ते अजून बाकी आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

कालपासून मच्छीमारांच्या दोन होड्या शोधतायत. सापडली नाही. उपग्रहानं दिलेल्या जागेवर पोचेपर्यंत ती तिथून वाहून गेलेली असते. अपेक्षा स्वतः एका होडीत आहे, मोनिकानं सांगितलं. घरात इकडून तिकडं फेऱ्या घालतोय. दर तासाला नवीन नोंद येते ती उतरवतो. दुपारी दोनला ३७.२. लिहिलं आणि बघत बसलो. एवढ्या उन्हात ती पाठ टाकून पडलीय आणि तिच्या खाली हात-दोन हातांवर गारवा आहे.

जेवण केलं नाही. सगीराभाभींनी डबा पाठवला, तसाच आहे.

शनिवार, १२ एप्रिल

सापडली. जिवंत आहे.

मोनिकाचा फोन दुपारी. काल अंधार पडता पडता हाती लागली. कुणाच्या तरी टाकून दिलेल्या जाळ्यात गुंतली होती. जाळ्याला दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधलेले, त्यांनीच तिला वर धरून ठेवलं. खाली जायला धडपडायची आणि कॅन परत वर खेचायचे. पाठ उन्हानं भाजून पापुद्रे निघालेत. डावा पुढचा पाय जाळ्यानं करकचून आवळलेला, काळा पडला होता. आज सकाळी डॉक्टरनं तो काढून टाकला. तीन पायांवर जगतात म्हणे, पण परत समुद्रात सोडायची की नाही ते मग ठरेल.

मी विचारलं, आधी सापडली असती तर?

मोनिका म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, तीन-चार दिवस आधी असती तर पाय वाचला असता." आणि मग, पोरगी साधी आहे, तिला काय कळत नाही, म्हणाली, "काका, कॉम्प्युटरवर ठेवली असती ना, तर दुसऱ्या दिवशीच घंटी वाजली असती. पस्तीसच्या वर दोनदा गेलं की वाजते. पण मॅडमच म्हणाल्या होत्या, आबांना रोज सकाळी उठायला काहीतरी कारण पायजे."

मला वाटलं होतं, अवघड काम म्हणून दिलंय.

रविवार, १३ एप्रिल

काही नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

अपेक्षाचा फोन नाही. नोंदी येणं बंद झालंय, यंत्र काढलं असणार. सकाळी साडेआठला वही उघडून बसलो, मग मिटली.

वरच्या खणातले कागद काढले. सहा दिवस, चार वेळा, चोवीस आकडे. माझं अक्षर चांगलं आहे. पाचव्या दिवशी सकाळी ९७.४. एवढा सुबक आकडा. मी थर्मामीटर खिडकीत होता म्हणून स्वतःला सांगत आलो. चहा पाजल्यावर तोंडातलं तापमान घ्यायचं नसतं, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. मला चौऱ्याण्णव नको होतं. सारजाच्या बाबतीतही तेच. मला सरळ तक्ता पायजे होता.

आणि माझी लेक सव्वा वर्ष समजतेय, की आकड्यांत काहीतरी होतं आणि ते तिला दिसलं नाही. तिला दिसणार कुठून? मी तिला दाखवलंच नव्हतं. तिचं ओझं तिचं नाही, माझं आहे, आणि मी ते तिला वाहू देतोय.

सांगितलं तर ती माझ्याशी परत बोलणार नाही. बोलणारं दुसरं कोण आहे मला. म्हणूनच सव्वा वर्ष सांगितलं नाही, दुसरं काही कारण नाही.

बुधवार, १६ एप्रिल

सांगितलं.

सकाळी साडेआठला फोन लावला. तिनं उचलला. सारजा खातेय का विचारलं. म्हणाली, काल पहिल्यांदा तोंड लावलं. मग मी म्हणालो, "अपू, तुझ्या आईचे कागद माझ्याकडंच आहेत. हरवले नव्हते. त्यात एक आकडा नाय. मी लिहिलाच नाय." आणि सगळं सांगितलं. खिडकी, थर्मामीटर, चहा, सगळं. डॉक्टर नंतर काय बोलले तेही. नऊ एप्रिलची रात्र पण सांगितली. मधे थांबलो असतो तर परत सुरुवात झाली नसती.

मला वाटलं तिनं फोन ठेवला.

मग तिनं विचारलं, "किती होतं?"

"चौऱ्याण्णव पॉईंट एक."

"किती वाजता?"

"पावणेसहा. सकाळी."

"आणि मला तुम्ही आठला सांगितलं."

"सत्त्याण्णव पॉईंट चार."

नंतर ती बोलली ते सावकाश, एकेक शब्द. "आबा, त्या दिवशी मी बॅग भरली होती. साडेनऊची गाडी होती. तुमचा फोन आला, ताप उतरला म्हणून. मी कपडे काढून परत कपाटात ठेवले."

हे मला माहीत नव्हतं. सव्वा वर्षात तिनं सांगितलं नव्हतं. माफ कर म्हणायला सुद्धा तोंड उघडेना. म्हटलं, "ठेवतो मी. तुला काय बोलायचं ते बोल, नाहीतर नको बोलू. माझी तक्रार नाय."

"ठेवू नका," म्हणाली. "मला लई राग आलाय. मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. पण फोन ठेवू नका."

ठेवला नाही. खुर्चीवर बसून राहिलो, फोन कानाला. तिकडं पंखा असेल नाहीतर समुद्र असेल, कसलातरी एकसारखा आवाज येत होता. इकडं कूलर चालू होता.

मग तिनं विचारलं, "त्या सकाळी आई काही बोलली का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. अर्धवट झोपेत होती. चहाचा घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, एवढी साखर घालतंय का कुणी, अपूला सांगते मी, तुझ्या बापाला अजून चहा येत नाय.

अपेक्षा रडायला लागली. तिला एवढं मोठ्यानं रडताना मी लहानपणीच ऐकलं होतं. मीही रडलो. फोन चालूच होता.